माझ्या पोटातली घराणी

मी घराण्यांचे उदय आणि अस्त पाहिले आहेत. माझ्यासमोर शेकडो पिढ्या जन्मल्या, वयात आल्या, संसार थाटून मोकळ्या झाल्या आणि काळाच्या पडद्याआड गेल्या. पणजीचं देणं गुपचूप प्रवास करत करत पणतवाच्या तोंडावर कसं उमटतं, हे मी जितक्या जवळून पाहिलं आहे, तितकं कुणा इतिहासकारानेही पाहिलेलं नाही. वंश म्हणजे काय, वारसा म्हणजे काय, हा सृष्टीचा पसारा असा कसा झाला, या सगळ्याची उत्तरं माझ्या पोटात आहेत.

मित्रांनो, मी दुधाची एक जुनी बाटली आहे आणि माझ्यात माश्या राहतात.

नाकं मुरडू नका. या घाणीवर बसणाऱ्या माश्या नव्हेत. या फळमाश्या. केळं जरा जास्त पिकलं की त्याच्याभोवती कुठून तरी उगवणारी बारीक चिलटं तुम्ही पाहिली असतील. त्यांनाच प्रयोगशाळेत आणलं, मोजलं आणि त्यांच्या लग्नांत लक्ष घातलं, की त्यांना फळमाश्या म्हणायचं.

पण सुरुवातीपासून सांगते. माझा जन्म काचेच्या कारखान्यात झाला. वितळलेल्या वाळूचा लालभडक गोळा लोखंडी साच्यात पडला, त्यात हवेची फुंकर बसली आणि मी बाहेर आले. पोट मोठं, मान आखूड, तोंड रुंद. माझ्या मागून हजारो आल्या. आम्ही सगळ्या तंतोतंत सारख्या. कोण कुणावर गेलं हा वाद आमच्यात कधी झाला नाही, कारण साचा एकच होता आणि तो बिचारा दिवसरात्र तेच करत होता. सजीवांचं तसं नाही, हे मला पुढे कळलं. त्यांना दर वेळी दोन साचे लागतात. दोघं आपल्यातलं निम्मं निम्मं देतात, कुठलं निम्मं ते चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरतं, आणि जे काही बाहेर पडतं त्याबद्दल दोन्ही घरची माणसं जन्मभर भांडत बसतात.

तरुणपणी मी दूध वाहिलं. सकाळी भरलेली दारात उभी राहायचे, संध्याकाळी रिकामी पायरीवर. तान्ह्या बाळांच्या आया माझी वाट बघायच्या. इतकी वाट माझी नंतर कुणी पाहिली नाही. मग प्लॅस्टिकच्या पिशव्या आल्या. त्या गळायच्या, फुटायच्या, पण परत द्याव्या लागायच्या नाहीत, आणि माणसाला एवढं एक सुख दिलं की बाकीचं तो सोसतो. आम्हाला भंगारवाल्याने नेलं. त्याच्या अंगणात एका फुटक्या वॉशबेसिनच्या शेजारी मी दोन पावसाळे काढले. बेसिनचा स्वभाव चांगला होता, पण त्याच्याकडे बोलायला विषय नव्हता.

तिथून मला भाऊंनी उचललं. भाऊ एका महाविद्यालयात जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे मदतनीस होते. त्यांनी मला उकळत्या पाण्यातून काढलं, मक्याचं पीठ, साखर आणि यीस्ट शिजवून त्याची घट्ट खळ माझ्या तळाशी ओतली, घडी घातलेला एक कागद खोचला, काही माश्या सोडल्या आणि माझ्या तोंडाला कापसाचा बोळा बसवला. मित्रांनो, बोळा लक्षात ठेवा. मी उगाच सांगत नाही.

माशीचं सगळं झटपट असतं. अंडं, अंड्यातून अळी, अळीचा कोष आणि कोषातून पंख फडफडवत माशी. दीड-दोन आठवड्यांत आई-बाप होऊन मोकळी. पुढची पिढी उडायला लागली की मला धुवायचं, नवी खळ भरायची आणि त्यातल्याच काही लेकरांना पुन्हा माझ्यात सोडायचं. माणसाला पणतू बघायला म्हातारं व्हावं लागतं. मला एक परीक्षा आणि तिचा निकाल यांच्यामध्ये दिसतात.

प्रयोगशाळेची सत्ता बाईंकडे होती. बाई जीवशास्त्र शिकवत आणि खडू हातात नसला तरी हवेत आकृत्या काढत. त्यांच्याकडे दोन घराणी होती. एक लाल डोळ्यांचं, म्हणजे माशीचे असतात तसेच. दुसरं पांढऱ्या डोळ्यांचं. शंभरेक वर्षांपूर्वी कुणा अभ्यासकाला लाल डोळ्यांच्या गर्दीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर सापडला. कुठल्या तरी माशीच्या पोटात नक्कल उतरवताना एका जनुकात बारीकशी चूक झाली होती. चुकीला बाई ‘उत्परिवर्तन’ म्हणत, म्हणजे ती आपोआपच मोठी वाटायची. “सगळ्या नकला बिनचूक झाल्या असत्या,” त्या वर्गाला सांगायच्या, “तर आज तुम्ही-आम्ही नसतो. पहिल्या जिवाच्या तंतोतंत प्रती पाण्यावर तरंगत असत्या, आणि त्यांना जीवशास्त्र शिकवावं लागलं नसतं.”

एकदा भाऊंनी घाईत दोन्ही घराणी एकाच बाटलीत ओतली. ती बाटली मी. बाई रागावल्या नाहीत. “राहू द्या, बघू काय होतं.” महिने गेले, पिढ्या गेल्या आणि पांढऱ्या डोळ्यांची प्रजा विरळ होत गेली. तिला कुणी मारलं नव्हतं, कुणी वाळीत टाकलं नव्हतं. पांढऱ्या डोळ्यांना नीट दिसत नाही, त्यामुळे ते नर माद्यांच्या मागे जाण्यात कमी पडत, त्यांना लेकरं थोडी होत, त्या लेकरांना आणखी थोडी. एवढंच. नैसर्गिक निवड म्हणतात तिच्यात निवडायला कुणी बसलेलंच नसतं, हे मी स्वतः पाहिलं आहे. बसलेलं असतं तर मला दिसलं असतं. दुसऱ्या बाटलीत मात्र पांढऱ्या डोळ्यांचेच सगळे, आणि तिथे त्यांचा सुखाचा संसार. तेव्हा बाई म्हणाल्या ते वाक्य माझ्या काचेत उतरलं आहे. “डोळा चांगला की वाईट, हे नुसत्या डोळ्याकडे बघून सांगू नका. तो कुठल्या बाटलीत आहे ते आधी विचारा.”

या वर्गात एक मुलगी होती. बाई काहीही म्हणाल्या की ही हात वर करून “पण बाई,” म्हणायची. तेव्हा तिचं नावच ‘पणबाई’ पडलं. एरवी हसरी असणारी ही मुलगी त्या वर्षी एकदम गप्प झाली. तासानंतर ती बाईंच्या टेबलाशी आली तेव्हा मी तिथेच होते.

“बाई, पांढऱ्या डोळ्यांचं जे होतं, तेच माणसात रंग न दिसण्याचं होतं का? लाल-हिरवा?”

“वाट तीच. आईच्या मार्गाने मुलाकडे. का गं?”

कारण तिचा दादा होता. दादाला लहानपणापासून आगगाडी चालवायची होती. लेखी परीक्षा तो पहिल्या फटक्यात पास झाला. मग डोळ्यांच्या तपासणीत त्याच्यापुढे ठिपक्यांचं पुस्तक ठेवलं. इतरांना त्या ठिपक्यांत आकडा दिसतो. दादाला नुसतेच ठिपके दिसले. लाल आणि हिरवा सिग्नल ज्याला वेगळा कळत नाही त्याच्या हाती गाडी कोण देणार? दादा घरी आला आणि खोलीत जाऊन भिंतीकडे तोंड करून पडला. तेव्हापासून तो जेवायला उठायचा तेवढाच.

“आणि घरात?” बाईंनी विचारलं.

“बाबा म्हणतात, हे आईकडचं. आई काहीच म्हणत नाही. बाई, तीच मला बघवत नाही.”

सुट्टी लागत होती. बाईंनी विचार केला आणि मला तिच्यापुढे ठेवलं. “घेऊन जा. डोळ्यांनी बघितलं की पटतं.”

पांढऱ्या डोळ्यांच्या बापाच्या लेकी बाईंकडे तयारच होत्या. दिसायला लाल डोळ्यांच्या, पण बापाचं देणं पोटात दडवलेल्या. त्या कोषातून निघाल्या निघाल्या, नराची गाठ पडायच्या आत, वेगळ्या ठेवल्या होत्या. त्या आणि लाल डोळ्यांचे नर माझ्यात सोडले. आता होणारे मुलगे निम्मे पांढऱ्या डोळ्यांचे निघणार, आणि मुली मात्र सगळ्या लाल.

“आणि बाकी काहीही विसर,” बाई दाराशी जाऊन परत वळल्या, “बोळा विसरू नकोस.”

पणबाई बोळा विसरली नाही. पण टेबलावर दोन बोळे होते. एक माझा, एक पांढऱ्या डोळ्यांच्या बाटलीचा. भाऊ किल्ल्या वाजवत “चला, चला, कुलूप लावायचंय” म्हणत होते. तिने हाताला लागला तो बोळा माझ्या तोंडात कोंबला. त्याच्या घडीत पांढऱ्या डोळ्यांचा एक नर पाय आखडून बसला होता. मला ठेवलेल्या पिशवीचा बंद आवळला गेला तसा तो अलगद खाली उतरला. एरवी या बाबतीत पांढऱ्या डोळ्यांचे नर मागे पडतात, हे मी सांगितलंच. पण पिशवीत काळोख होता, आणि काळोखात डोळ्यांचा काय उपयोग, लाल काय आणि पांढरे काय!

मला सगळं दिसत होतं. पण काचेला सगळं दिसतं आणि बोलता काही येत नाही, हे तर तुम्ही जाणताच.

घरी आईने पिशवी उघडली, मला उजेडात धरलं आणि ओरडली. “चिलटं! अगं, मी दिवसभर ओट्यावर फडकं मारून चिलटं हाकलते, आणि तू बाटलीत घालून घरी आणलीस?”

“आई, ही साधी नाहीत. यांची वंशावळ माहीत आहे.”

“मग त्यांच्या वंशाला सांग, माझ्या साखरेच्या डब्यापासून लांब राहा म्हणावं.”

बाबा खिडकीशी बसले होते. ते घड्याळं दुरुस्त करत. एका डोळ्याला भिंग लावलेलं, दुसरा बारीक केलेला, अशा चेहऱ्यानेच ते घरातल्या सगळ्या गोष्टींत लक्ष घालायचे. मान न वळवता ते म्हणाले, “असू दे गं. या घरात कुणाची तरी वंशावळ धड आहे.”

आईने मला ओट्याच्या कोपऱ्यात ठेवलं, जरा जास्तच हळू.

बाबांचं शास्त्र सोपं होतं. घरात जे चांगलं ते त्यांच्या घराण्याचं आणि जे बिघडेल ते ‘तुमच्याकडचं’. “आमच्याकडे सगळ्यांची नजर तीक्ष्ण. माझ्या आजोबांनी सत्तरी ओलांडल्यावर सुईत दोरा ओवला.” रंग न दिसणं आईकडून आलं, हे बाबांचं म्हणणं शेवटी बरोबर निघालं, ही या गोष्टीतली सगळ्यात खेदाची बाब आहे. चुकीच्या कारणाने बरोबर ठरलेल्या माणसाला समजावणं फार कठीण जातं.

त्या संध्याकाळी पणबाईने बाबांना त्यांच्याच भाषेत गाठलं.

“बाबा, एका घरात भिंतीवर दोन घड्याळं आहेत. एक बंद पडलं. वेळ कळेल?”

“कळेल की. दुसरं आहे. पण बंद पडलेलं दुरुस्तीला का आणत नाहीत लोक?”

“बाबा!”

“बरं बरं, कळेल.”

“बाईमाणसाच्या अंगात एक्स नावाची अशी दोन गुणसूत्रं असतात. रंग ओळखायचं जनुक दोन्हींवर. एक बिघडलं तरी दुसरं काम करतं, आणि तिचं तिलाही कळत नाही की एक बंद आहे. मुलगा झाला की त्याला दोनातलं एकच मिळतं. वडिलांकडून येतं ते वाय, त्याच्यावर हे घड्याळच नाही. आणि आईकडचं नेमकं बंद पडलेलं आलं, तर?”

“मग वेळ चुकणार,” बाबा म्हणाले. दादाच्या खोलीच्या बंद दाराकडे त्यांनी बघितलं नाही.

“तेच. कुणी काही करत नाही, बाबा. नाणं उडतं आणि पडतं. माश्यांत बघाच तुम्ही. मुलगे निम्मे पांढऱ्या डोळ्यांचे निघतील. मुली सगळ्या लाल. एक जरी पांढरी मुलगी निघाली, तर माझं म्हणणं खोटं.”

असली वाक्यं, मित्रांनो, बाटलीसमोर बोलू नयेत.

आठवडाभराने आई-बापांना माझ्यातून काढायची वेळ आली, म्हणजे लेकरांत त्यांची भेसळ होत नाही. माश्या गारठ्याने सुस्त होतात म्हणून पणबाईने मला फ्रीजमध्ये ठेवलं. मी डोळे उघडून बघते तर शेजारी दुधाची पिशवी! इतक्या वर्षांनी दुधाची आणि माझी गाठ पडली. त्याने ओळख दाखवली नाही. मोठ्या पिशवीत गेलं की होतं असं. थोड्या वेळाने आईने दार उघडलं, मला पाहिलं, दार लावलं आणि बाहेरूनच म्हणाली, “उद्यापासून चहा कोराच मिळेल या घरात.”

सुस्त माश्या पणबाईने न बघताच बाबांच्या सुट्या भागांच्या डबीत झटकल्या. बघायचं काय? तिच्यासमोरच तर सोडल्या होत्या. डबी बर्फाच्या कप्प्यात ठेवून तिने त्यांना शांतपणे निरोप दिला, पण फेकलं नाही. बाईंची शिकवण तिने आईलाही ऐकवली. आई-बाप हाताशी असू द्यावेत; हिशोब जुळला नाही तर त्यांनाच विचारावं लागतं.

मग लेकरं निघाली. पांढऱ्या ताटलीत गारठलेल्या माश्या पसरून, बाबांचं भिंग डोळ्याला लावून पणबाई एकेक वेगळी करू लागली. शेपटीचं टोक काळं नि बोथट तो नर. टोकदार ती मादी. बाबा मागे उभे, आई ओट्याशी. नर निघत होते, काही लाल, काही पांढरे. बाबा हूं हूं करत होते. पणबाईचा आवाज चढत चालला होता. “बघा! हा पांढरा. हा लाल. ही मादी, लाल. ही मादी...”

ती थांबली.

“काय गं?”

“काही नाही.”

बाबांनी तिच्या डोळ्याचं भिंग काढून स्वतःच्या डोळ्याला लावलं. “टोकदार शेपूट म्हणजे मुलगी, असंच ना शिकवलंस? मग हिचे डोळे पांढरे कसे? ही बघ, आणखी एक.”

पणबाई ताटलीकडे बघत राहिली. पहिल्या संध्याकाळचं तिचं वाक्य खोलीत फिरत होतं, आणि ते कुणी पुन्हा म्हणायची गरज नव्हती. बाबांनाही मनातून जिंकायचं नव्हतं असं मला वाटलं, कारण ते पहिल्यांदाच “बघ, मी म्हणत नव्हतो?” असं म्हणाले नाहीत.

तेवढ्यात आई म्हणाली, “राहू दे, बाळा. मला ठाऊक आहे कशामुळे झालं ते.”

तिचे हात ओल्या फडक्यात होते. ते पुसायचं ती विसरली होती.

“तुझा दादा पोटात होता तेव्हा मी त्या कपडे धुण्याच्या दुकानात होते. डाग काढायचं औषध होतं तिथे. डोळ्यांना झोंबायचं. शेजारची म्हणायची, सोडून दे हे काम. मी म्हटलं, सातवा महिना होऊ दे, मग सोडते.” ती बाबांकडे बघत नव्हती. “ठिपक्यांचं पुस्तक त्याने सांगितलं, त्या दिवशी पहिला तोच वास आला मला. माश्यांना काय विचारताय? मला विचारा की.”

मित्रांनो, बाटलीच्या पोटात कितीही काही मावतं. पण ही आई तो वास एकटीच घेऊन हिंडत होती, आणि याच घरात रोज ‘तुमच्याकडचं, तुमच्याकडचं’ चाललं होतं. बाबा हातातलं भिंग उगाच पुसत राहिले.

बंद दार उघडलं. दादा बाहेर आला. दाढी वाढलेली, एका पायात तपकिरी मोजा, दुसऱ्यात हिरवा. पहिल्या वाक्यापासून तो ऐकत होता. भिंतीकडे तोंड केलेल्या माणसाला कान असतातच. बर्फाच्या कप्प्यातून त्याने डबी काढली.

“त्यात काय आहे आता?” पणबाई म्हणाली. “ते नुसते आई-बाप आहेत.”

“तूच म्हणाली होतीस ना, जुळलं नाही तर त्यांना विचारायचं?” त्याने डबी पांढऱ्या कागदावर उपडी केली आणि बाबांपुढे हात केला. “भिंग.”

“अरे, तुला लाल दिसत नाही,” बाबा म्हणाले, पण हळूच म्हणाले. “तू त्यांचे डोळे काय तपासणार?”

“लाल दिसत नाही, बाबा. पांढरं दिसतं. बाकीचे मला सगळे काळपट दिसतात. त्यांच्यात खडूचा ठिपका असला तर तुमच्याआधी मला दिसेल.”

दादा काडीने एकेक माशी सरकवत गेला. काळी, काळी, काळी. मग काडी थांबली.

“हे कोण गृहस्थ? यांना बोलावलं होतं का?”

पणबाईने भिंग हिसकावलं. शेपटीचं टोक काळं, बोथट. डोळे खडूसारखे पांढरे. माझा प्रवासी! ती एकदम किंचाळली, “बोळा!” आईने दचकून सगळ्यात आधी माझा बोळाच दाबून बघितला.

“टेबलावर दोन बोळे होते,” पणबाई धापा टाकत सांगू लागली. “मी घाईत पांढऱ्यांच्या बाटलीचा लावला. हा त्यातून आला, आई! पांढरी मुलगी व्हायला आई आणि बाप दोघांकडून पांढरं यावं लागतं. लाल बापाची पांढरी होणं शक्य नाही. पण हा बाप असला, तर होणारच!”

“म्हणजे तुझं म्हणणं खरं?” बाबांनी विचारलं.

“खोटं ठरलं नाही, एवढंच. बाई हे पुन्हा करून बघायला लावतील. पण आई, औषधाचा वास घेऊन असं होत नाही. हे त्याच्या जन्माआधीचंच आहे, तुझ्याही जन्माआधीचं. आजोबांना रंग नीट दिसायचे का? तुझ्या बाबांना?”

“त्यांना काय झालंय न दिसायला?” आई म्हणाली. मग तिचा चेहरा बदलला. “बाजारात टोमॅटो नेहमी दाबून बघायचे. सगळे हसायचे, की रंगावरून कळत नाही होय तुम्हाला! आणि तो दरवाजा!”

“कुठला दरवाजा?”

“घराचा दरवाजा एकदा त्यांनी स्वतः रंगवला. हिरवागार. आणि वर्षभर येईल त्याला सांगत होते, तपकिरी कसा झकास बसलाय बघा. आम्हाला वाटायचं, थट्टा करतात.” ती हसायला लागली आणि हसता हसताच फडक्यात तोंड लपवलं. थोड्या वेळाने आतून आवाज आला. “म्हणजे शेवटी माझ्याकडूनच ना?”

“तुझ्याकडून आलं, आई. तुझ्यामुळे झालं नाही.”

आईने हे वाक्य दोनदा म्हणवून घेतलं.

“आणि तसं तर ते माझ्यातही असेल,” पणबाई म्हणाली. “दोनातलं कुठलं आलं, मला काय ठाऊक? निम्मी शक्यता.” आईने तिला जवळ ओढलं. पणबाईने त्या वेळी ‘पण’ म्हटलं नाही, याची मी साक्षीदार आहे.

बाबा घसा साफ करून म्हणाले, “ते वाय की काय, माझ्याकडचं. त्यातून याला काय मिळालं म्हणायचं?”

“मुलगा होणं.”

“बस? एवढंच?”

“आणि नाक,” दादा म्हणाला. “ते कुठून आलं ते शास्त्राने सांगायची गरज नाही. ते मी परत द्यायला तयार आहे.”

त्या घरात पुष्कळ दिवसांनी सगळे एकदम हसले. मग बाबा आईच्या हातातलं ओलं फडकं घेऊन ओट्याकडे गेले आणि ज्या जागी काहीच सांडलं नव्हतं ती जागा पुसत बसले. त्या घरात ‘तुमच्याकडचं’ हा शब्द मी पुन्हा ऐकला नाही. तशी मी नंतर तिथे चारच दिवस होते, पण बाबांसारख्या माणसासाठी चार दिवसही पुष्कळ झाले.

सुट्टीनंतर बाईंनी खरंच सगळं पुन्हा करायला लावलं. स्वच्छ बोळा, तपासलेला. मुलगे निम्मे पांढरे, मुली सगळ्या लाल. दादाला गाडी चालवता आली नाही. सिग्नल काही कुणाच्या समजुतीने रंग बदलत नाहीत. तो आता त्याच रेल्वेच्या वेळापत्रकाच्या खात्यात आहे. गाड्या चालवत नाही, त्या किती उशिरा येणार ते ठरवतो, आणि या कामात डोळ्यांचा अडसर येत नाही असं तो सांगतो. बाटली बदलली, एवढंच.

बाई आणि भाऊ निवृत्त झाले. आता प्रयोगशाळेत पडद्यावरच्या माश्या आल्या आहेत. बटण दाबलं की लेकरं निघतात, प्रमाण दर वेळी बरोबर, घडीत दडून कुणी येत नाही आणि कुणी कधी “पण” म्हणत नाही. मी मात्र कपाटावर, धुळीत. अजून पांढऱ्या डोळ्यांचं ते जुनं घराणं माझ्यात आहे, कारण कुणी तरी विद्यार्थिनी आठवणीने खळ घालते. ज्या आठवड्यात ती विसरेल, त्या आठवड्यात पिढ्यान्‌पिढ्यांचा हा धागा तुटेल, आणि तो तुटला हेही कुणाला कळणार नाही.

म्हणून सांगते, मित्रांनो. तुमच्यात जे आहे ते कितीतरी हातांतून तुमच्यापर्यंत आलं आहे. काही हिरे आले, काही गोटे आले, आणि कुठले हिरे नि कुठले गोटे हे बाटलीवर ठरतं. देणाऱ्याला दोष देऊ नका. त्यालाही ते असंच, न विचारता मिळालं होतं. जो डोळा एका ठिकाणी नापास होतो, तोच दुसरीकडे खडूचा ठिपका सगळ्यांच्या आधी शोधतो. सृष्टीने एवढं अफाट वैविध्य उभं केलं ते बिनचूक राहून नव्हे, तर चुका सांभाळून. त्या सांभाळणाऱ्यांपैकी मीही एक, छोटीशी.

यावर विचार करा. सावकाश करा. फक्त जाताना तेवढा माझा बोळा घट्ट लावून जा. कालपासून तो सैल आहे, आणि पलीकडच्या टेबलावर कुणाचं तरी केळं ठेवलेलं आहे.